होसकोट्याचे नाव आणि स्वीडनचे उच्चार

बंगळूरहून कोलारकडे जाणारा जुना मद्रास रस्ता धरला म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर होसकोटे लागते. दक्षिण पिनाकिनी नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. गावाला लागून मोठा तलाव आहे आणि अविमुक्तेश्वराचे जुने देवालय आहे. कन्नड भाषेत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. सुगटूरचा पाळेगार तम्मे गौड याने १५९५ च्या सुमारास येथे कोट बांधला आणि त्यावरूनच गावास हे नाव पडले. तो कोट आता फारसा उरलेला नाही. नाव मात्र चारशे वर्षांनंतरही ‘नवा किल्ला’ असेच आहे!

मराठी वाचकास हे गाव अगदीच परके नाही. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या फौजांनी हा मुलूख विजापूरच्या अंमलाखाली आणला. पुढे शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तिच्यात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोटेही होते. जुन्या मराठी लिखाणात बंगळूरचे ‘बंगरूळ’ असे रूप आढळते. परक्या मुलखाचे नाव आपल्या जिभेला जसे वळेल तसे वळवून घेण्याची ही रीत सर्व भाषांत आहे, आणि तिच्यात वावगे असे काही नाही.

परंतु नाव जिभेने वळविणे निराळे आणि लिपीमुळे ते बदलणे निराळे. ‘होसकोटे’ हेच नाव पाहा. कन्नडात यातील पहिला ओकार ऱ्हस्व आहे, दुसरा दीर्घ आहे आणि शेवटचा एकार पुन्हा ऱ्हस्व आहे. कन्नड लिपीत या ऱ्हस्व आणि दीर्घ स्वरांना वेगळ्या खुणा आहेत. आपण मराठीत दोन्ही ओकार एकाच मात्रेने लिहितो, त्यामुळे मराठी वाचक पहिलाच ओकार लांबवितो. दक्षिणी भाषांतील ऱ्हस्व एकार-ओकारांसाठी देवनागरीत निराळ्या खुणा आता उपलब्ध आहेत आणि त्या वापरल्या तर हे नाव ‘हॊसकोटॆ’ असे लिहिता येते. रोजच्या लेखनात तसे कोणी लिहीत नाही. पण गाव आपले नाव स्वतः कसे उच्चारते, हे या दोन लहानशा खुणा अचूक सांगतात.

हा विचार होसकोट्यातच सुचावा याला आणखी एक कारण आहे. १९९८ साली येथे व्हॉल्वो या स्वीडिश कंपनीचा मालमोटारींचा कारखाना सुरू झाला आणि २००१ पासून तिच्या बसगाड्या भारतीय रस्त्यांवर धावू लागल्या. २०२० मध्ये बसगाड्यांचा हा व्यवसाय व्हॉल्वो आणि आयशर यांच्या संयुक्त कंपनीकडे सोपविण्यात आला. मुंबई-पुणे मार्गावरील प्रवाशांना तर ‘व्हॉल्वो’ हा शब्द इतका परिचित झाला, की कोणत्याही वातानुकूलित आरामगाडीला ते तेच नाव देऊ लागले. हे नाव मुळात लॅटिन आहे. त्याचा अर्थ ‘मी फिरतो’, चाक फिरते त्या अर्थाने. स्वीडनमध्ये मात्र कोणी ‘व्हॉल्वो’ म्हणत नाही. तेथील उच्चार ‘वॉल्वु’ असा आहे. आपला ‘व्ह’ इंग्रजी नावे लिहिण्याच्या सवयीने आला आणि शेवटचा ओकार रोमन अक्षर पाहून आला.

महाराष्ट्राचा स्वीडिश नावांशी संबंध याहूनही जुना आहे. अंबरनाथला आगपेट्या करणारी विम्को कंपनी १९२३ साली स्वीडिश उद्योगाने स्थापन केली. पुण्याजवळ दापोडी आणि चिंचवड येथे स्वीडिश यंत्रांचे आणि बेअरिंगांचे कारखाने उभे राहिले. शाळेच्या पुस्तकांतून सेल्सिअस, नोबेल, अँगस्ट्रॉम ही नावे घरोघर पोहोचली. परंतु ही सगळी नावे आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आली. त्यामुळे स्वीडिश उच्चार आणि देवनागरी लिपी यांची समोरासमोर गाठ फारशी पडली नाही. ती पडली असती, तर एक मोठी गमतीची गोष्ट आपल्या ध्यानात आली असती.

प्रथम स्वर पाहू. स्वीडिश वर्णमालेत एकोणतीस अक्षरे आहेत. नेहमीच्या रोमन अक्षरांनंतर शेवटी तीन जादा स्वर येतात: डोक्यावर वर्तुळ असलेला एक आणि डोक्यावर दोन टिंबे असलेले दोन. रोमन ‘ओ’चा दीर्घ उच्चार पुष्कळदा ‘ऊ’ होतो, म्हणून पुस्तकाला ‘बूक’ म्हणतात. ‘ओ’ हा खरा उच्चार वर्तुळाच्या अक्षराकडे आहे. अँगस्ट्रॉम या शास्त्रज्ञाच्या नावाचा आरंभ याच अक्षराने होतो. तेथे ते ऱ्हस्व असल्याने त्याच्या मायदेशी ते नाव ‘ऑङ्स्त्रम्’च्या जवळचे ऐकू येते. ‘नवा’ या अर्थी जो स्वीडिश शब्द आहे, त्याचा स्वर आपल्याकडे नाही. जीभ ‘ई’च्या जागी ठेवावी आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करावे, म्हणजे तो साधतो. या शब्दाने आरंभ होणारे एक स्थलनाम फिनलंडमध्ये आहे. तेथील साव्होनलिन्ना या किल्ल्याच्या गावाला स्वीडिश भाषेत ‘नवा किल्ला’ अशाच अर्थाचे नाव आहे. म्हणजे ते उत्तरेकडचे होसकोटेच म्हणावयाचे!

स्वरांच्या लांबीचा नियमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आघात असलेल्या अवयवात स्वर लांब असेल तर पुढचे व्यंजन आखूड राहते. स्वर आखूड असेल तर व्यंजनाचे द्वित्व होते. छपराला स्वीडिश माणूस ‘ताक’ म्हणतो आणि आभार मानताना ‘तक्क’ म्हणतो. हा भेद मराठी माणसाच्या कानाला लगेच कळतो. त्याला केवळ ताकाचा मोह आवरावा लागतो.

व्यंजनांत पहिली अडचण येते ती ‘क’ आणि ‘ग’ यांची. पुढे इ, ए यांसारखे तालव्य स्वर आले की ‘क’चा ‘श’सारखा आणि ‘ग’चा ‘य’ असा उच्चार होतो. नकाशात आपण ज्याला गोथेनबर्ग म्हणतो, त्या व्हॉल्वोच्या जन्मगावाचे स्वतःचे नाव ‘यॉतेबॉर्य’ आहे. १९२७ साली तेथेच व्हॉल्वोची पहिली मोटार तयार झाली. हा प्रकार ऐकून नवल वाटावयास नको. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावे. अक्षर एकच ‘झ’, पण पुढे ईकार येताच जीभ टाळूकडे सरकते आणि उच्चार बदलतो. आपण हा नियम कधी पाठ केला नाही. तो आईच्या बोलण्यातून आला. स्वीडिश मुलाला त्याचा नियम असाच येतो.

खरी कठीण गोष्ट म्हणजे ‘सात’ या संख्येचा आरंभीचा वर्ण. ओठ किंचित गोल करून, ‘श’ आणि ‘ख’ यांच्या मधूनच जणू श्वास घासत बाहेर सोडला म्हणजे तो निघतो. देशाच्या काही भागांत तो ‘श’कडे झुकतो, तर काही भागांत घशाकडे. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्याच्यासाठी एक खास चिन्ह ठेवलेले आहे. देवनागरीत त्याला अक्षर नाही, हे सरळ मान्य करावे.

आता ती गमतीची गोष्ट. युरोपच्या बहुतेक भाषांत आपला ‘ट’वर्ग नाही. इंग्रजांचा ‘टी’ आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधला आहे. स्वीडिश भाषेत मात्र दंत्य आणि मूर्धन्य असे दोन्ही वर्ग वेगवेगळे आहेत! तिचा साधा ‘त’ आपल्या ‘त’प्रमाणे दंत्य आहे, म्हणून राजधानीचे नाव ‘स्टॉकहोम’पेक्षा ‘स्तॉकहॉल्म’ असे लिहिणे उच्चाराला धरून होईल. आणि लेखनात ‘र’च्या पुढे त, द, न, ल, स यांपैकी एखादे अक्षर आले की दोन्ही मिळून अनुक्रमे ट, ड, ण, ळ, ष असा एकच वर्ण होतो. सुराला ‘तून’ म्हणतात. बुरुजाला लिहिताना मध्ये ‘र’ घालतात आणि म्हणतात ‘तूण’. टपरीसारख्या लहान दुकानाला ‘बूद’ आणि मेजाला ‘बूड’. मुलाला तर चक्क ‘बाण’ म्हणतात. सेल्सिअसचे पहिले नाव आपण ‘अँडर्स’ लिहितो. ते मुळात ‘अन्देष्’ आहे.

इंग्रज विद्यार्थ्याला जो भेद महिनोन्‌महिने घोटावा लागतो, तो मराठी किंवा कन्नड घरातले पोर पहिल्याच दिवशी ओळखील. पाश्चात्य ध्वनिशास्त्रज्ञांना हे वर्ण लिहिण्यासाठी रोमन अक्षरांना खालून शेपट्या जोडाव्या लागल्या. आपल्या मुळाक्षरांत ते वर्ण आधीपासून रांगेने बसलेले आहेत.

मात्र यातही एक विवेक राखला पाहिजे. स्वीडनच्या दक्षिणेकडील स्कोने प्रांतात ‘र’ घशातून उच्चारतात आणि तेथे हे मूर्धन्य वर्ण होत नाहीत. फिनलंडमधील स्वीडिश बोलीतही ते नाहीत. म्हणून त्या लोकांचे स्वीडिश अशुद्ध ठरत नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा. बोलीचा भेद म्हणजे अज्ञान नव्हे.

स्वीडिश उच्चाराचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिचे दोन स्वराघात. ‘अन्देन’ हा शब्द एका सुरात म्हटला तर ‘ते बदक’ असा अर्थ होतो, दुसऱ्या सुरात म्हटला तर ‘तो आत्मा’. लेखनात काहीही फरक नाही. आपल्याकडे वेदपाठात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित दाखविण्यासाठी अक्षरांच्या वर-खाली रेघा देण्याची पद्धत आहे. सूर चुकला तर अर्थ फिरतो, हे आपल्या शिक्षाशास्त्रकारांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. तशाच रेघांनी बदक आणि आत्मा यांचा घोटाळा टाळता येईल.

उच्चार जसाच्या तसा टिपण्याची धडपड स्वीडननेही केली. योहान आउगुस्त लुन्देल या विद्वानाने १८७८ साली तेथील बोलीभाषा नोंदविण्यासाठी एक स्वतंत्र ध्वनिलिपी सिद्ध केली. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा पहिला आराखडा त्यानंतर दहा वर्षांनी, १८८८ साली प्रसिद्ध झाला. नेहमीची लिपी वाचकाच्या सोयीसाठी असते. ध्वनिलिपी ऐकलेल्याशी प्रामाणिक राहण्यासाठी असते. दोन्ही कामे एकाच लिपीकडून करवून घेऊ नयेत. वर्तमानपत्रात ‘व्हॉल्वो’ खुशाल चालावे. तो आता मराठी शब्द झाला आहे. पण शब्दकोशात, भूगोलाच्या पुस्तकात, परदेशी भाषा शिकविताना, मूळ उच्चार कानाने ऐकून देवनागरीत द्यावा. इंग्रजी स्पेलिंग समोर ठेवून तो अंदाजाने बेतू नये. देवनागरीत जे नाही त्यासाठी खूण वाढवावी. इंग्रजी शब्दांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आपण अशाच रीतीने घेतले आहेत.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. आज मराठी घरांतील मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी स्वीडनपर्यंत जातात. तेथे गेल्यावर काळे आणि काले ही दोन आडनावे रोमन अक्षरांत एकच होऊन बसतात. स्वीडिश अधिकारी ती दोन्ही ‘काले’ अशीच वाचणार. ‘ळ’सारखा वर्ण त्याच्या जिभेला येत नाही असे नाही, त्याच्यासमोर आलेल्या कागदाने तो पुसून टाकलेला असतो. एकदा तोंडाने म्हणून दाखविले तर तो नीट उच्चारील. तीच अपेक्षा यॉतेबॉर्यच्या माणसाने आपल्याकडून ठेवली तर ती रास्तच आहे.

माणसाचे आणि गावाचे नाव त्याच्या स्वतःच्या तोंडून एकदा ऐकून घ्यावे, हा शिष्टाचार सोपा आहे आणि त्याला खर्चही नाही. होसकोट्याला गेलात तर तलाव पाहाच, देवालयही पाहा. आणि कोणा रहिवाशाला गावाचे नाव विचारा. तो पहिला ओकार किती आखूड उच्चारतो तिकडे लक्ष द्या.