मशीनवाला

व्हेंडिंग मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा डोक्यात कर्जत स्टेशन होतं. घाट चढण्याआधी पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात, मागून बँकर इंजिन लागतं आणि तेवढ्या वेळात दिवाडकरांचा वडा खिडक्या-खिडक्यांतून विकला जातो. लहानपणापासून बघतोय. एवढी गिऱ्हाइकं, आणि आपण तर इंजिनिअर! पण फलाटावरची जागा रेल्वेच्या टेंडरशिवाय मिळत नाही. शिवाय "समोर गरम वडा असताना काचेमागचं बिस्कीट कोण घेणार?" असं बाबांनी विचारलं. माझ्या एक्सेलमध्ये ह्या प्रश्नाला रकानाच नव्हता.

शेवटी खालापूरजवळच्या एका कारखान्यात जागा मिळाली. मशीन सेकंड हँड, 90 हजारांचं. त्यातले 40 आईच्या एफडीतले. माणसं जेमतेम सव्वाशे, पण रात्री दोनला भूक लागली तर गेटबाहेर काहीच उघडं नसतं. गर्दी मोजण्यापेक्षा आजूबाजूला काय बंद आहे ते मोजावं, हे तिथे कळलं.

पाकिटावरच्या एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, म्हणजे कमाई माल विकताना नाही, घेताना. म्हणून खोपोलीतला होलसेलवाला गाठला. दहाच्या पुड्यामागे रुपया-सव्वा रुपया सुटतो. त्यातून वीज, सिमचा रिचार्ज, पेट्रोल. चिवडा जातो. 'हेल्दी' मखाणे जात नाहीत. ते दोन महिने आम्ही घरी खाल्ले.

मग जुलै आला. क्यूआर स्कॅन केला, खात्यातून पैसे गेले, पण 'पैसे मिळाले' हा निरोप मशीनपर्यंत पोचायच्या आत सिमची रेंज गेली. ऑफिसात ह्याला आम्ही टाइमआउट म्हणतो, तिकीट टाकतो आणि चहाला जातो. इथे रात्री अडीचला एक कंत्राटी कामगार काचेतून आपल्या वीस रुपयांच्या पाकिटाकडे बघत उभा होता. मशीनवर माझा नंबर चिकटवलेला. माझा फोन सायलेंटवर. सकाळी सात मिस्ड कॉल.

रविवारी भर पावसात बाइक काढली. तो भेटला नाही, त्याची शिफ्ट बदलली होती. गेटसमोर एक टपरी आहे, सकाळी सहाला उघडते. तिथल्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मशीनवाला तूच काय?"

मग त्यांनी उधारीची वही काढली. माझी विक्री दर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर निम्म्यावर का येते, ते त्या वहीत दिसत होतं. मी आठवडाभर सेन्सर तपासत बसलो होतो. शेवटच्या पानावर वर लिहिलेलं, 'मशीन'. खाली नावं आणि आकडे: 20, 20, 10, 30. पैसे अडकलेली पोरं सकाळी तणतणत यायची, त्यांना मावशींनी आपल्या गल्ल्यातून खायला दिलं होतं.

"पण बँक परत करते ना त्यांचे पैसे, तीन-चार दिवसांत."

"भूक थांबते का तीन दिवस?"

तीसवाल्याचं नाव खोडलेलं होतं. त्याचे पैसे परत आले, तसे तो मावशींना देऊन गेला होता. मी दोनशेची नोट पुढे केली. त्यांनी पन्नास वळते केले, सावकाश 'जमा 150' लिहिलं आणि वही मिटली.

"राहू दे इथेच. अजून ऑगस्ट जायचाय."