दुकान उघडले, शाळेचे काय?

क्रांती शिकवणे सोपे असते. सन, कारणे, परिणाम लिहिले की फळा भरतो. क्रांतीनंतर बऱ्याच वर्षांनी सरकारी दुकानाशेजारी खासगी दुकान उघडते, तो धडा मात्र आम्हाला जड जातो. आम्ही पडलो मास्तर, म्हणून तिथे आमच्या बिरादरीचे काय झाले तेच आधी पाहतो.

क्यूबाने १९६१ साली सुमारे एक लाख मुलामुलींना खेड्यापाड्यांत अक्षरे शिकवायला धाडले. पुढच्या वर्षी रेशनची वही आली. १९९१ ला सोव्हिएत संघ गेला, मदत आटली आणि १९९३ मध्ये लोकांना डॉलर बाळगण्याची मुभा मिळाली. मग हॉटेलातल्या वेटरची बक्षिशी शिक्षकाच्या पगाराला भारी पडली. कित्येकांनी वर्ग सोडले. कोणी टॅक्सी धरली, कोणी हॉटेल. त्यांना नावे ठेवायची आमची हिंमत नाही. सप्टेंबर २०२१ पासून तिथे शंभर कामगारांपर्यंतच्या खासगी कंपन्यांना परवानगी आहे. दुकानांत माल दिसू लागला, पण त्याचे भाव सरकारी पगाराला पेलत नाहीत.

क्यूबाचा उद्या कसा असेल असे विचारले की लोक व्हिएतनामकडे बोट दाखवतात. तिथे डिसेंबर १९८६ मध्ये 'दोई मोई', म्हणजे नूतनीकरण, सुरू झाले. १९८८ ला जमीन कुटुंबांना कसायला दिली आणि १९८९ ला तांदळासाठी परक्यांकडे बघणारा देश तांदूळ परदेशी पाठवू लागला. हे न मानणे हा निव्वळ हट्ट. मात्र त्याच वर्षी शाळेत आणि दवाखान्यात फीसुद्धा आली. पगार तुटपुंजा, म्हणून मास्तर आपल्याच वर्गातल्या मुलांची पैसे घेऊन शिकवणी करू लागले. (इथे आमच्यातल्याही काहींनी मान खाली घालावी.) त्याला १४ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आली आणि २०२५-२६ पासून सरकारी शाळांची फी बारावीपर्यंत माफ झाली. तांदूळ निघाला तीन वर्षांत, फी जायला लागली छत्तीस! शिवाय व्हिएतनामवरची अमेरिकेची नाकेबंदी १९९४ ला उठली. क्यूबाची १९६२ पासून कायम आहे, तेव्हा तोच रस्ता त्यांना कसा सापडणार?

हे वर्गात सांगितले तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, टॅक्सीवाले झालेले उस्ताद परत आले का?"

२०१९ ला पगार वाढले तेव्हा काही आले होते. पुढे २०२१ च्या महागाईने ती वाढ खाल्ली.