गूळ, गाथा आणि खतावणी

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला कोल्हापूर पाहण्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो. पाहुणे आले की आपण त्यांना अंबाबाईचे मंदिर, रंकाळा आणि नवा राजवाडा दाखवतो. एरवी मात्र भरलेली पिशवी घेऊन बाजारातून घाईने परततो. बँकेतून निवृत्त झाल्यावर सौभाग्यवतींनी आणि मी ठरवले, की महिन्यातून एक दिवस घड्याळाला सुट्टी द्यायची. सकाळी खरेदी, दुपारी चित्रपट आणि त्यानंतर ग्रंथालय. गेल्या पौषातील अशाच एका दिवसाविषयी लिहीत आहे.

संक्रांत जवळ आली होती, म्हणून तीळ-गुळासाठी प्रथम लक्ष्मीपुरी गाठली. या शहराच्या व्यापारात गुळाचे स्थान मोठे आहे. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. माल नेण्यास गाडी, साठवण्यास वखार आणि व्यापाऱ्यास जागा असा तो दूरदृष्टीचा मेळ होता. आज गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात, आणि दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा काढण्याची प्रथा अजून टिकून आहे.

आमच्या नेहमीच्या दुकानात संगणक आला आहे, तरी शेठजींच्या गादीशेजारी लाल कापडी बांधणीची वही असतेच. त्या दिवशी खेड्यातून एक वृद्ध शेतकरी उधारीचे पैसे द्यायला आले होते. शेठजींनी वही उघडली, तारीखवार एकेक रक्कम मोठ्याने वाचली, जमा धरली आणि विचारले, "काका, बरोबर ना?" काकांनी बोटांवर मोजून मान हलवली, तेव्हा कुठे बाकी लिहिली गेली. आम्हाला थांबावे लागले. पण त्या पाच मिनिटांकडे मी बँकेतल्या माणसाच्या नजरेने पाहत होतो. अंगठा उठवणाऱ्या खातेदाराला कागदातील मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगावा आणि साक्षीदाराची सही घ्यावी, हे आम्ही नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

दुपारी एका चित्रपटप्रेमी मंडळाने 'संत तुकाराम' दाखवला. १९३६ मधील हा चित्रपट पुण्यात तयार झाला असला तरी त्याचे मूळ आमच्याच गावात आहे. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल घडले ते कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली. प्रभात कंपनीही १९२९ मध्ये इथेच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या संस्थापकांत सराफी व्यवसायातील सीतारामपंत कुलकर्णी होते, हे व्यापारी वाचकांना सांगण्यासारखे आहे. कलावंतांच्या स्वप्नामागे बाजारपेठेचा पैसा उभा राहिला होता. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट गौरवला गेला.

विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम पाहून सभागृह स्तब्ध होते. सौभाग्यवतींना मात्र गौरीची जिजाई भावली. "घरात दाणा नसताना तिने रागावू नये तर काय करावे?" असे त्या म्हणाल्या. तुकोबांच्या घराण्यात महाजनकी होती. परंपरा सांगते, की दुष्काळानंतर त्यांनी भावाच्या वाट्याची कर्जखते वेगळी काढली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. पुढे त्याच नदीत गाथाही बुडवावी लागली. भाविकांच्या श्रद्धेप्रमाणे गाथा वर आली. खते वर आली नाहीत. ती यावीत अशी कोणाची इच्छाही नव्हती.

तिथून करवीर नगर वाचन मंदिरात आलो. १८५० मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात खिडकीजवळची जागा मिळणे हे भाग्यच. मनात खतांचाच विषय घोळत होता, म्हणून १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांविषयीचे प्रकरण काढले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या वह्या व कर्जखते मागू लागले. हाती आली ती जाळली. काही ठिकाणी धान्याची दुकाने लुटली गेली, घरेही पेटली. पण मुख्य रोख कागदांवर होता. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. बहुतेक सावकार मारवाडी आणि गुजराती होते, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्यांत असणार.

कारणे एकपदरी नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, तेव्हा कर्ज सढळ मिळाले. १८६५ नंतर भाव कोसळला, कर्ज आटले आणि सरकारने शेतसारा मात्र वाढवला. मुदतीच्या कायद्याने खत तीनच वर्षे चाले. म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत होई आणि वाचता न येणारा ऋणको त्यावर अंगठा उठवी. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, ही दामदुपटीची जुनी मर्यादा मोडली गेली. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे उदाहरण चौकशी आयोगाने नोंदवले आहे. १८७९ च्या कायद्याने मग ठरवले, की न्यायालयाने नुसते खत न पाहता व्यवहार मुळापासून तपासावा आणि ऋणकोला पावती व हिशेब मिळावा. सकाळी लक्ष्मीपुरीतील शेठजी जे कायद्याच्या धाकाशिवाय करत होते, ते सक्तीने करवून घ्यावे लागले.

मी हे हलक्या आवाजात सांगत असता सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माझ्या आजोबांच्या वह्या अजून माहेरच्या माळ्यावर आहेत. पुढच्या महिन्यात वाडा उतरवणार, तेव्हा दादा त्या रद्दीत घालणार आहे. त्यांत काय लिहिले असेल हो?"

आजोबा धान्याची अडत करत आणि कर्जही देत. त्या वह्यांत कुणाचे शेत लिहून घेतलेले असेल, किंवा दुष्काळी वर्षात सोडलेले व्याजही असेल. सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवण झाल्यावर त्यांनी भावाला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "ताई, जुने उकरून काय मिळणार? नको ते निघाले तर?" त्या म्हणाल्या, "निघाले तर कळेल. तू वह्या टाकू नकोस."

सत्याणुव्रताच्या अतिचारांत आपल्या आचार्यांनी कूटलेखक्रिया आणि न्यासापहार यांची गणना केली आहे. खोटा लेख आणि दुसऱ्याच्या ठेवीचा अपहार, हे दोन्ही दोष गादीवरच घडू शकतात, हे त्यांनी ओळखले होते. ज्या समाजाने लेखणीला व्रताच्या कक्षेत आणले, त्याने आपल्या वह्या वाचायला भिऊ नये.

आता आम्ही मोडी जाणणाऱ्या व्यक्तीच्या शोधात आहोत. आपल्याही माळ्यावर अशी बासने असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावीत.