दवाखान्याचा गाळा थांबू दे

चि. गौरी,


बीडीएस झालीस, आता वर्षभर इंटर्नशिप. दादाने तुझ्या दवाखान्यासाठी गाळाही बघून ठेवलाय म्हणे! बापाची हौस, दुसरं काय.

माझ्या दवाखान्यात कामाला येणाऱ्या बहुतेक मुलांनी हे वर्ष नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात घालवलेलं असतं. सही पोस्टिंगच्या वहीत, जीव एमसीक्यूत. मग एखाद्या वाकड्या मुळांच्या दाढेचं रूट कॅनाल करताना आत फाइलची सुई तुटते आणि चेहरा पांढराफटक पडतो. अगं, फाइल अनुभवी माणसाच्या हातूनही तुटते. पेशंटला तिथल्या तिथे सांगायचं, केसपेपरवर लिहायचं, एक्स-रे जपून ठेवायचा, आपल्याला जमणार नसेल तर रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं. तुटणं हा दरवेळी निष्काळजीपणा नसतो. लपवणं हा मात्र गुन्हाच समज. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. उद्या तक्रार झाली, तर तिथे तुझ्या बाजूने बोलेल तो केसपेपरच.

आणि नोंदणी झाली म्हणजे हात तयार झाला, असं समजू नकोस. १९४८च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी आणली. पदवी नसलेल्या, पण पाच वर्षं याच कामावर पोट भरणाऱ्यांसाठी त्यात वेगळा ‘ब’ भाग होता. आज पदवीशिवाय नवी नोंदणी होत नाही. पण हात बसलाय का, हे राज्य परिषदेच्या अर्जात कोण विचारतं? २०२३च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात एक्झिट टेस्टची तरतूद आहे. परवाना तिच्यावर आणि एमडीएसचा प्रवेशही तिच्यावरच! क्लासवाल्यांची चांदी होईल आणि इंटर्नशिप आणखी कोरडी जाईल, असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये तिथल्याच नव्या पदवीधराला सरकारी आरोग्यसेवेत स्वतंत्रपणे काम करण्याआधी एक वर्ष मान्यताप्राप्त दवाखान्यात, मार्गदर्शकाच्या नजरेखाली काढावं लागतं. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून तू ती स्वतःवर घाल.

माझ्याकडे नको, आत्याकडे लाड होतील. दुसऱ्या एखाद्या कडक सिनिअरच्या हाताखाली दोन वर्षं काढ. मात्र तो पेशंट पाठवण्याचं कमिशन घेत असेल, तर तिथे थांबू नकोस. २०१४च्या आचारसंहितेला ते मंजूर नाही.

आणि दादाला सांग, गाळ्याचा ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझी,
आत्या