डाळ शिजवणारं पाणी

वरण जमलं की लोक डाळीचं कौतुक करतात, फार तर करणारीच्या हाताचं. पाण्याचं नाव कुणी काढत नाही. गोड्या वरणात असतं काय? तुरीची डाळ, हिंग, हळद, मीठ आणि गुळाचा खडा. फोडणीच नसल्यामुळे पाण्याची चव थेट जिभेवर येते.

वसईतल्या गिरीजला माझ्या मावशीच्या वाडीत विहीर आहे. मावशी वरणाला अजून पातेलंच लावते. डाळ तासभर भिजलेली असते. उकळी आली की पिवळसर फेस वर येतो, तो ती पळीने काढते आणि तेलाचा थेंब सोडते. मग आच मंद. थोड्या वेळाने एक दाणा दोन बोटांत चिरडून बघायचा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. ठिपका गेला की रवीने घोटायचं, मीठ-गूळ त्यानंतर. वाफाळता वाडा कोलम, त्यावर हे दाट वरण, वर साजूक तूप आणि लिंबाची फोड. यापुढे पक्वान्न मला सुचत नाही.

“पाणी कसं आहे ते डाळ सांगते,” मावशी म्हणते. हे खरंच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून बसतं आणि दाणा मऊच पडत नाही. मग चिमूटभर सोडा घालावा लागतो. डाळ मऊ पडते, पण चव जाते आणि ‘ब१’ जीवनसत्त्वही. सोड्याची ही युक्ती फक्त आपलीच नाही. इंग्लंडच्या ईशान्य भागात पिवळे वाटाणे शिजवून, घोटून ‘पीज पुडिंग’ करतात. जुन्या रीतीत वाटाण्याची पुरचुंडी मांसाच्याच भांड्यात उकळायला सोडत. हे पुडिंग म्हणजे आपल्या वरणाची लांबची बहीणच. तिकडच्या गृहिणीही वाटाणे भिजवताना सोड्याला हात घालतात.

मावशीच्या वसईला समुद्र जवळ. इथल्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं, आणि त्याला वरून भर घालतात ती बावखलं. वाडीच्या कुशीत खणलेली ही तळी पावसाळ्यात तुडुंब भरतात आणि पाणी सावकाश जमिनीत मुरवतात. एकेकाळी त्यांच्यावर रहाट फिरत. केळी, पानवेली, फुलं त्याच पाण्यावर वाढली. पुढे इमारती उठल्या, विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईसाठी जो लढा दिला, त्याच्या मुळाशी हेच पाणी होतं. माझ्या लेखी तो लढा स्वयंपाकघराचाही होता.

आज सूर्या धरणाचं पाणी वसई-विरारच्या नळांना येतं आणि कुकरच्या शिट्ट्या जड पाण्यालाही थोडंफार नमवतात. म्हणून विहिरीकडे दुर्लक्ष करणं सोपं झालंय. नळ आला म्हणून बावखलात राडारोडा टाकून त्यावर गाड्या उभ्या करणं मला मुळीच पटत नाही. बुजवलेलं बावखल पुन्हा खणणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

तुमच्या वाडीत बावखल उरलं असेल, तर येत्या पावसाच्या आधी त्यातला गाळ तेवढा काढून घ्या.