कच्च्या कामाचं पान

गणिताच्या पेपरात उजवीकडे उभी रेघ मारून तिथं ‘कच्चे काम’ लिहायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. तपासणाऱ्याची नजर तिकडे क्वचितच जाते. माझा जीव मात्र त्याच पट्टीत अडकलेला असतो, कारण मूल विचार कसा करतं ते तिथं दिसतं. म्हणून माझ्या आठवीच्या वर्गात एक जाडजूड वही ठेवली आहे, सगळ्यांची मिळून एकच. गणित सोडवताना डोक्यात काय चाललं होतं ते मुलं तिच्यात शब्दांत लिहितात. बाकीची वाचतात आणि खाली आपलं म्हणणं मांडतात. या वहीला गुण नाहीत, तांबडी शाई नाही. लिहायचं ते घरी बोलतो तसं.

आमची निम्मी मुलं कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांतून येतात. घरात ऊस, त्यामुळे एकर-गुंठे तोंडावर. चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती होईल, असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘चौपट’ म्हणतो. त्याच सुरात ओरडणाऱ्या एकानं वहीत लिहिलं, ‘एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. ६६ बाय ६६ घेतला की दोन गुंठे.’ खाली एका मुलीनं चौकोन काढला, मधून एक आडवी आणि एक उभी रेघ मारली आणि विचारलं, ‘उरलेले दोन कुणाला विकलेस?’ बरोबर उत्तराच्या आड केवढं न समजलेलं दडून बसतं, हे मला असल्या पानांनी शिकवलं. पन्नास जणांच्या वर्गात तोंडी प्रश्नोत्तरांतून ते हाती लागत नाही.

वहीतली सगळ्यात रंगलेली पानं कापरेकरांची आहेत. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. विद्यापीठातली खुर्ची नाही, तरी संख्यांचा नाद असा की आपले शोध ते स्वतःच पुस्तिका छापून लोकांपुढे ठेवत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. शाळामास्तरानं लिहीत राहावं, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

त्यांची रीत सोपी. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, तिच्यातून लहानात लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथंच थांबते. मुलांनी रस्त्यावरच्या एमएच ०९ गाड्यांचे नंबर धरले. ४३२१ ला ३०८७, मग ८३५२, मग ६१७४.

एकाच्या वाट्याला १२११ आला. त्यानं लिहिलं, ‘२१११ वजा १११२ बरोबर ९९९. आता ९९९ मधून ९९९ गेले, शून्य. कापरेकर चुकले.’ खाली उत्तर, ‘भावा, पुढचा शून्य कुठं गेला? ०९९९ धर.’ पहिला हटेना. पुढच्या शून्याला किंमत नसते, हे आम्हीच त्याला पाचवीत शिकवलेलं. तिसऱ्यानं मग ९९९० वजा ०९९९ अशी मांडणी करून ८९९१, ८०८२, ८५३२ करत ६१७४ गाठून दाखवले आणि लिहिलं, ‘चार खुर्च्या आहेत. रिकामी असली तरी खुर्ची मोजायची.’ स्थानिक किंमत मी वर्षानुवर्षं शिकवतोय. इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं.

वेळ जातो, हे खरं. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो आणि पालक दहावीचं विचारतात. तरी आठवड्यातला एक तास मी या वहीसाठी राखतो, आणि चुकीचं पान आधी वाचायला घेतो. लिहिणाऱ्याचं नाव न घेता वाचतो, म्हणजे लिहिण्याची भीती राहत नाही.

सध्या वहीत पाच अंकी संख्यांवर वाद पेटलाय. एका मुलीला ५३९५५ मधून ५९९९४ मिळाली आणि ५९९९४ मधून पुन्हा ५३९५५. एकीवर थांबणं नाहीच, नुसतं येणं-जाणं. वर्गाचे दोन तट पडलेत: एक म्हणतो तिची वजाबाकी चुकली, दुसरा म्हणतो पाच अंकांचा नियमच वेगळा. मी अजून काही लिहिलेलं नाही.