उसनवारीची सापशिडी

सापशिडी मुळात आपलीच. ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगतात तो मोक्षपट हाच : कामक्रोधाचे साप, सद्‌गुणांच्या शिड्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साहेबानं तो विलायतेला नेला. पुढे त्यातला मोक्ष गळाला, साप तेवढे राहिले.

यवतमाळच्या मे महिन्यात दुपारी पोरांना घरात डांबायचं, म्हणून मी नवा पट आखला. कामक्रोध त्यांना काय कळणार? उसनवारी कळते! साखरेची वाटी परत देताना लोणचं घालून दिली, की 12 वरून थेट 58. चित्रं हिची. 98 वर सगळ्यात लांब साप : शेजाऱ्याची शिडी दिवाळीला नेऊन परत न देणे. सापाला मिशा जरा ओळखीच्याच आल्या होत्या.

नेमके शेजारचे भाऊ खेळायला बसले आणि नेमके 98 वर आले. त्यांनी मजकूर वाचला. मिशा पाहिल्या. चौदा वर्षांचा शेजार त्या एका घरात अडकला. ही चहाचं निमित्त करून आत पळाली.

"शिडी आणली तं साप पुसता काय?"

"पुसतो ना!"

"मंग सोंगटी हलवू नोका. आलोच."

शिडी आली. एक पायरी कमी होती. मी साप पुसला. मिशा मात्र हिनं राहू दिल्या.